बारा साक्षीदारांची पदविका

मोरोक्कोत, फेझजवळच्या सेफ्रू गावात, आमच्या गल्लीत कुणी सरकारी अर्ज भरायला बसलं, की मला मुद्दाम बोलावून घेतात. चहा देतात, चांगल्या गादीवर बसवतात आणि मग सांगतात, "लल्ला तामू, तुम्ही नुसत्या बसा. कागदाला हात लावू नका." सगळे हसतात. मीही हसते. हसण्यासारखंच करून ठेवलंय, तर कुणाला नावं ठेवू?

माझं शिक्षण म्हणाल तर म्हातारपणी मशिदीतल्या वर्गात काढलेले दोन हिवाळे. अक्षरं आली, पण ती एकेकटी येतात, एकमेकांचा हात धरून यायला वेळ लावतात. एवढ्या भांडवलावर मी नातीला पोलिसात नोकरी लावून द्यायला निघाले होते.

नात म्हणजे नुहैला, माझ्या बत्तूलची मुलगी. बत्तूल दिवसभर ऑलिव्हच्या कारखान्यात, म्हणून पोर माझ्याजवळ वाढली. म्हणजे माझ्या वस्तू उघडत वाढली. नऊ वर्षांची असताना तिने माझा रेडिओ उघडला. मी चप्पल शोधून आणेपर्यंत तो पुन्हा मिटला होता, आणि पूर्वी कधी न लागलेलं एक स्टेशन त्यावर लागत होतं. मी चप्पल पायात घातली आणि गाणं ऐकत बसले. मी काही फार शिस्तीची बाई नव्हे.

मोठी झाल्यावर तिने रोज बसने फेझला जाऊन एका खाजगी संस्थेत दोन वर्षं संगणकाचं शिक्षण घेतलं. पदविका मिळाली, पण त्या पदविकेला शोभेल असं काम गावात नव्हतं. मग कापडबाजारात जिन्याखाली तिने मोबाईल दुरुस्तीची टपरी टाकली. एक टेबल, एक दिवा, आणि डोक्यावरच्या रुमालात खोचलेला काडीएवढा स्क्रूड्रायव्हर. मेलेला फोन आणून दिला की आधी ती त्याचा वास घ्यायची. जळका वास आला तर तोंड वाकडं करायची, नाही आला तर म्हणायची, "ठेवा. संध्याकाळी या." कुणाचा विहिरीत पडलेला, कुणाचा बैलाने तुडवलेला. फोन नाही जगला तरी त्याच्या पोटातली लग्नाची छायाचित्रं, मेलेल्या बापाचा आवाज, हे ती काढून द्यायची. लोक तिला डॉक्टरीण म्हणायचे. मला डॉक्टरणीची आजी म्हणायचे, आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

तर एके दिवशी ती दुपारच्या जेवणाला आली आणि बिसाऱ्याची, म्हणजे बाकल्याच्या घट्ट आमटीची, वाटी तशीच बाजूला सारून म्हणाली, "हन्ना, जाहिरात आलीय." घरात सगळी लहान मंडळी मला हन्ना म्हणतात, म्हणजे आजी. बाहेर बायकांच्या नावाआधी लल्ला लावतात आणि पुरुषांच्या नावाआधी सी, मान म्हणून.

पोलिसांना डिजिटल पुरावा तंत्रज्ञ हवे होते. गुन्हेगारांचे फोन, संगणक उघडून आत काय दडलंय ते शोधायचं आणि कोर्टाला सांगायचं. मी म्हटलं, "अगं, हे तर तू रोज जिन्याखाली करतेस! गुन्हेगार सोडून."

"गुन्हेगार सोडून कशाला? हम्मादी भटारी येतोच की," ती म्हणाली आणि जाहिरात वाचू लागली.

तिने ती मला तीनदा वाचून दाखवली. शाळेची शेवटची मोठी परीक्षा पास. वय तिशीच्या आत. चांगल्या वर्तणुकीचा दाखला. संगणक नेटवर्क किंवा डिजिटल सुरक्षेची दोन वर्षांची पदविका, सरकारी संस्थेची किंवा सरकारने मान्य केलेल्या संस्थेची, आणि ती मान्यता पदविका दिली त्या वेळी असलेली. शेवटी, अनुभव असल्यास प्राधान्य.

मी बाकीचं सोडून दिलं आणि शेवटचं धरून बसले. "अनुभव! तुझ्याएवढा अनुभव कुणाला आहे?"

"हन्ना, आधी माणूस उंबऱ्याच्या आत यावा लागतो. मग त्यातल्या कुणाला चांगल्या गादीवर बसवायचं ते ठरतं. अनुभव म्हणजे गादी. पदविका म्हणजे उंबरा."

"मग तुझ्याकडे पदविका आहे ना?"

तिने नख चावलं. "आहे. पण आमची संस्था तेव्हा मान्य होती की नाही, तेच कळत नाहीये. कचेरीत विचारलं तर म्हणतात, मान्यता आहे. कधीपासून विचारलं तर म्हणतात, पत्र देऊ."

नुहैला तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. अशी भरती दरवर्षी निघत नाही. ही गेली आणि पुढची दोन-तीन वर्षांनी आली, तर तिशीचं दार लागलेलं असणार आणि आमची डॉक्टरीण जन्मभर जिन्याखालीच. हे तिने मला सांगितलं नाही. पण बिसारा थंड झाला आणि तिने त्यावर तेल घालायलाही हात उचलला नाही, तेव्हा मला कळलं.

आणि तिथेच माझ्या अंगात शहाणपण शिरलं.

माझं डोकं कसं चाललं ते सांगते. माझा जन्म कुठे नोंदलेला नाही. डोंगरातल्या आमच्या वस्तीवर कोण नोंदणार? लग्नानंतर ओळखपत्र काढायची वेळ आली, तेव्हा सरकारने विचारलं, ही बाई जन्मली कशावरून? मी समोर उभी होते, पण तो पुरावा चालत नव्हता. तेव्हा माझ्या वडिलांनी अदूलाकडे बारा माणसं नेली. अदूल म्हणजे लग्न, वारसा, साक्षी हे सगळं धर्माच्या रीतीने लिहून देणारे. बारा जणांनी शपथ घेतली, की आम्ही हिला ओळखतो, ही अमक्याची मुलगी, चेरीला कीड लागली त्या वर्षी जन्मली. बारा जणांच्या अशा साक्षीला लफीफ म्हणतात. त्या बारांतले तिघं माझ्याहून लहान होते. पण अदूलाने लिहिलं, काझीने शिक्का मारला आणि मी जन्मले.

मी मनाशी म्हटलं, बारा साक्षीदार माणूस जन्माला घालू शकतात, तर एक तंत्रज्ञ का नाही घालू शकत?

नुहैलाला सांगितलं नाही. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता. धक्का दिला खरा.

ज्यांचे ज्यांचे फोन तिने जिवंत केले होते त्यांच्या दारी मी गेले. नाही कुणीच म्हणालं नाही. हम्मादी भटारी, ल्मक्की खाटीक, हमामाचं पाणी तापवणारा, दोघं टॅक्सीवाले, शाळेचा शिपाई, असे बघता बघता बारा झाले. मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर मी त्यांची वरात घेऊन सी बूशतांच्या कचेरीत शिरले. सी बूशता आमचे अदूल, माझ्याच वयाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कचेरी एवढी अरुंद, की चार माणसं आत आणि बाकीची जिन्यावर. तेराव्या लल्ला मन्नाना, आमच्या शेजारीण, न बोलावता आल्या.

"लल्ला मन्नाना, तुमची साक्ष मोजणार नाहीत हं. बारा झाले," मी म्हटलं.

"मोजू नका. ऐका तरी!" असं म्हणून त्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या.

सी बूशतांनी दौत पुढे ओढली. "कुणाचा जन्म सिद्ध करायचाय?"

"जन्म नाही. हुन्नर," मी म्हटलं. "माझ्या नातीला बंद फोनातलं काढता येतं, हे लिहायचंय. पोलिसांसाठी."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "लल्ला तामू, साक्षीदाराने पाहिलेलं सांगायचं असतं. यांच्यापैकी फोनाच्या आत काय चालतं ते कुणी पाहिलंय?"

"आत कशाला बघायचं?" ल्मक्की म्हणाला. "मेंढरू खाताना आपण आत बघतो का?"

"तू खाटीक असून हे म्हणतोस?" सी बूशता म्हणाले. सगळे हसले आणि माझं काम तिथेच सैल पडलं. सी बूशता म्हणाले, मी एवढंच लिहीन: अमक्याने फोन दिला, तिने दुरुस्त केला, आतलं परत मिळालं. त्यापुढे तिला विद्या आहे की नाही, ते मी लिहिणार नाही आणि तुम्हीही बोलू नका.

पण बोलायला सुरुवात केलेला माणूस आमच्याकडे थांबत नाही. हम्मादी पुढे झाला. "लिहा. माझा फोन कणकेत मळला गेला. तिने अर्ध्या तासात सगळं परत आणलं. मी पुसून टाकलेलंसुद्धा!"

"काय पुसलं होतंस?"

"ते... निरोप होते काही."

"कुणाचे?" जिन्यावरून आवाज आला. तो टॅक्सीवाला इद्दर, हम्मादीच्या बायकोचा सख्खा भाऊ. मी घाईत दोघांनाही एकाच लफीफमध्ये घातलं होतं.

"पीठवाल्याचे!" हम्मादी म्हणाला.

"पीठवाल्याचे निरोप पुसतोस कशाला? पीठवाल्याला बायको घाबरते का तुझी?"

"ती नाही घाबरत. मी तिला घाबरतो."

"हेही लिहा," लल्ला मन्नाना म्हणाल्या. "आणि माझंही लिहा, की माझ्या जावयाचे उद्योग पोरीने पाहिले आणि कुणाला म्हणून सांगितले नाहीत."

"मग आत्ता काय केलंत तुम्ही?" सी बूशतांनी विचारलं.

त्या दिवशी जो कागद लिहून झाला, त्यावर बारा बोटांचे ठसे होते आणि पुसलेल्या निरोपांचं ते वाक्यही त्यात उतरलं होतं. सी बूशता ते गाळणार होते. मीच हट्ट धरला. मला वाटलं, सगळ्यात मोठा चमत्कार तोच, तोच कसा गाळायचा? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. आणि मी नुसता हात दाखवून थांबले नाही, तो काझीकडून शिक्का मारून आणला.

दरम्यान संस्थेने नुहैलाला पत्र दिलं, "सदर अभ्यासक्रमास मान्यता आहे." कधीपासून ते नाहीच. ती म्हणाली, आता मुदत संपतेय, हेच लावू. हिरव्या फाईलीत कागद लावून ती टपरी बंद करायला गेली. मी लफीफची घडी उलगडली आणि वर्तणुकीच्या दाखल्याच्या मागे अलगद सरकवली. दुसऱ्या दिवशी तिने लिफाफा चिकटवला आणि फेझला जाऊन देऊन आली. मी त्या दिवशी हरशा भाजल्या, रव्याच्या, भरपूर लोणी घालून. बत्तूल म्हणाली, "आई, एवढी खूश का तू?" मी म्हटलं, "असंच."

महिन्याभराने बोलावणं आलं. परीक्षेचं नव्हे. "कागदपत्रांबाबत खुलाशासाठी."

नुहैलाने ते पत्र दिव्यापुढे धरून चार वेळा वाचलं. "कसला खुलासा? सगळे कागद मागितल्याप्रमाणे लावलेत." मी माझ्या पायाची बोटं बघत होते. मग म्हटलं, "मी पण येते."

"तू कशाला?"

"फेझला गुडघ्याचं औषध चांगलं मिळतं."

कचेरीच्या दारातला शिपाई म्हणाला, फक्त उमेदवार. मी पायरीवर बसकण मारली आणि गुडघा धरून असा आवाज काढला, की रस्त्यापलीकडचे दोघं थांबले. त्याने मला आत सोडलं. या एका विद्येत मी अजूनही कुणापेक्षा कमी नाही.

आत एक इन्स्पेक्टर बाई होत्या, बाहिया नावाच्या. चाळिशीच्या, केस मागे घट्ट बांधलेले, टेबलावर हिरवी फाईल. त्यांनी लफीफ उचलली आणि वाचायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक फोन. हम्मादीपाशी आल्या तेव्हा त्यांचा आवाज जरा हलला. "...आणि बायकोच्या भीतीने पुसलेले निरोप तिने अर्ध्या तासात परत आणले." मान वर करून त्यांनी नुहैलाला विचारलं, "हे तुम्ही जोडलंत?"

नुहैला पुढे वाकून तो कागद बघू लागली. "मी... हे मी आत्ता पहिल्यांदा ऐकतेय."

"मग कोणी जोडलं?"

पळायला गुडघे नव्हते. "मी," मी म्हटलं. "तिचा काही दोष नाही. मला वाटलं, पदविकेला बारा माणसांचा टेकू दिला तर बरं."

"लल्ला, यात लिहिलंय ते खरं आहे?"

"प्रत्येक अक्षर! शपथेवर आहे."

"तीच तर अडचण आहे." त्या नुहैलाकडे वळल्या. "या बारांपैकी किती जणांनी तुम्हाला लिहून दिलं होतं, की माझा फोन उघडा, आतलं बघा?"

"कुणीच नाही, मॅडम. टपरीवर कोण लिहून देतं?"

"फोन कुठल्या स्थितीत आला, केव्हा उघडला, काय केलं, याची नोंद?"

"नाही."

"आमच्याकडे लिहिल्याशिवाय कुणी बोट लावत नाही. इथे लिहिलंय, की तुम्ही बारा वेळा लावलंत. तुम्ही वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. पण हा कागद तुमच्या बाजूने बोलत नाहीये."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, माझा नवरा, सी अल्लाल, देव त्याला सुखात ठेवो, लोकरबाजाराचा अमीन होता. लोकर खरी की भेसळीची, यावर भांडण झालं की काझी त्याला बोलावायचा. तो बोटांत लोकर चोळायचा आणि सांगायचा. त्यावर निकाल लागायचा. तो कुठल्या शाळेत गेला होता? हुन्नर हातात असतो. तुम्ही त्याला कागदात शोधता."

बाहियाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्यांना अमीन कोणी केलं होतं?"

"कोणी म्हणजे? बाजारातल्या सगळ्या कारागिरांनी निवडलं. तीस वर्षं लोकरीत काढली होती त्याने."

"आणि मग?"

"मग काझीपुढे नेलं. शपथ घेतली. काझीने लिहून दिलं..." तो कागद आमच्या बैठकीत भिंतीवर होता. माशा बसू नयेत म्हणून काच मीच लावून घेतली होती. चाळीस वर्षं मी ती काच पुसली, आणि माझ्या नवऱ्याकडे कागद नव्हता म्हणून पोलिसांशी भांडायला आले होते! उंटावरच्या शहाण्याला निदान उंट तरी असतो. मी बसने आले होते.

"लल्ला, लोकर चोळणारे बाजारात शंभर असतील," बाहियाबाई म्हणाल्या. "काझी एकाचंच ऐकायचा, कारण त्याला ठाऊक होतं की हा कुठून आला. आमचंही तेच. आमचा माणूस कोर्टात उभा राहिला, की आरोपीचा वकील आधी फोनाबद्दल विचारतच नाही. तो विचारतो, तुम्ही कोण? कुठे शिकलात? तिथे उत्तर डळमळलं तर चोर घरी जातो. मग पुरावा कितीही खरा असो."

त्यांनी लफीफ घडी करून मला परत दिली. "मागितलेला नाही, तो कागद आम्ही उमेदवाराच्या बाजूनेही धरत नाही आणि विरुद्धही धरत नाही. हा विषय संपला. पण दुसरा आहे." संस्थेचं पत्र त्यांनी पुढे केलं. त्यांनी स्वतः चौकशी केली होती. संस्थेला मान्यता मिळाली होती खरी. नुहैलाच्या तुकडीने पदविका घेतली त्याच्या पुढच्या वर्षी.

"एक वर्ष," नुहैला म्हणाली.

"अकरा महिने," बाहियाबाई म्हणाल्या. "मला वाईट वाटतं. पण मी तुम्हाला आत घेतलं, तर पहिल्याच खटल्यात कुणीतरी ते अकरा महिने बाहेर काढील."

म्हणजे माझ्या लफीफने तिची नोकरी घालवली नव्हती. ती आधीच गेली होती. याचा मला आनंद व्हावा की नाही ते कळेना, म्हणून मी थोडासा करून घेतला आणि मग मला लाज वाटली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. अर्धा रस्ता झाला. मी म्हटलं, "बोल काहीतरी. शिव्या दे."

"हन्ना," ती म्हणाली, "चोर बरे गं. ते निदान पुरावा पुसायचा प्रयत्न करतात. तू बारा जणांचे ठसे घेऊन, शिक्का मारून, पोलिसांना घरपोच दिलास."

मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतेय. आधी हसत होती. मग दोन्ही.

घरी आल्यावर तिने दोन दिवस टपरी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी ती फेझच्या सरकारी संस्थेत जाऊन विचारून आली. परीक्षा दिली तर तिला थेट दुसऱ्या वर्षात घेणार होते, डिजिटल सुरक्षेच्या वर्गात. जागा थोड्या होत्या. तिने परीक्षा दिली आणि आत गेली. अठ्ठावीस वर्षांची बाई, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरापोरींच्या बाकावर. पहिल्या दिवशी एकाने तिला मास्तरीणबाई समजून उठून नमस्कार केला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"बस म्हटलं. मुलगा गुणी आहे."

सकाळी बस, दुपारनंतर टपरी. मला वाटलं होतं, तिला येतं तेच पुन्हा शिकवतील आणि तिचा वेळ फुकट जाईल. मी तसं बोलूनही दाखवलं, कारण एका फजितीने शहाणी होण्याइतकी मी अजून लहान नव्हते. ती म्हणाली, "नाही हन्ना. फोन उघडायचा कसा, ते मला येत होतं. इथे न उघडायचा कसा, ते शिकवतात."

म्हणजे काय, ते तिने मला चुलीपाशी बसून सांगितलं. फोन हाती आला की आधी लिहायचं, कोणी दिला, किती वाजता, काच फुटलेली की शाबूत. मग त्याला अशा पिशवीत घालायचं, की बाहेरून कुणाचा निरोप आत जाणार नाही आणि आतलं काही बाहेरून पुसता येणार नाही. मग त्याची जशीच्या तशी प्रत काढायची आणि हात लावायचा तो प्रतीला. मूळ वस्तू ज्याच्या ज्याच्या हातून गेली, त्या प्रत्येकाची सही. मी म्हटलं, "आणि तू नऊ वर्षांची असताना माझा रेडिओ?" ती म्हणाली, "तो खटला मी हरले असते."

तेव्हापासून टपरीवरही तिने वही ठेवली. हम्मादी फोन घेऊन आला की ती आधी वही पुढे करायची. तो कुरकुरायचा, "कणीक लागलीय, एवढंच लिही ना." ती म्हणायची, "कुठल्या बाजूला लागलीय?"

पदविका हातात आली, सरकारी, तारखेसकट. पण जाहिरात काही आली नाही. तिची अठ्ठाविशी सरली. एकोणतिशी लागली. बत्तूलने जाहिरातीचं नाव काढणं सोडून दिलं. मी नमाजात इतकं गाऱ्हाणं घातलं, की देवाने कंटाळून ते खात्याकडे पाठवलं असावं. ती तीस व्हायला सात महिने होते तेव्हा भरती निघाली.

या वेळी फाईल लोखंडी कपाटात ठेवली होती, कुलूप लावून. किल्ली बत्तूलच्या गळ्यात. मी म्हटलं, "माझ्यावर एवढा अविश्वास?" बत्तूल म्हणाली, "आई, अविश्वास नाही. अनुभव असल्यास प्राधान्य."

लेखी परीक्षा झाली. मग हाताची. पाच उमेदवार, पाच टेबलं, प्रत्येकावर एक फोन. घंटा वाजली तसे चौघांनी फोन उचलले. तिने पेन उचलला. तास, मिनिट, काचेवरचा ओरखडा. चौथा जो होता त्याने बटण दाबलं आणि फोनने स्वतःला पुसायला घेतलं. तो फोन त्यासाठीच तसा ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं, असं ती म्हणाली. मग मुलाखत. तिथे पहिला प्रश्न होता, तुम्ही कोण, कुठे शिकलात? तिने संस्थेचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं आणि पुढचा प्रश्न विचारा अशा नजरेने बघत राहिली.

यादीत तिचं नाव सातवं होतं. सहाव्याच्या आणि आठव्याच्या मधलं. मी ते स्वतः वाचलं, एकेक अक्षर लावत. मला इतका वेळ लागला, की मागचे लोक ओरडायला लागले.

जिन्याखालची टपरी बंद झाली. बाजार माझ्यावर रुसला. "लल्ला तामू, तुम्हीच आमची डॉक्टरीण पोलिसांना देऊन आलात," ल्मक्की म्हणतो. लफीफमधल्या बाराही जणांची पक्की समजूत आहे, की नोकरी त्यांच्या साक्षीने लागली. मी ती मोडत नाही.

नुहैला आता फेझला राहते आणि दर शुक्रवारी दुपारी कुसकुस खायला घरी येते. खिडक्या नसलेल्या खोलीत काम करते, एवढंच मला ठाऊक.

परवा मी विचारलं, "या आठवड्यात कुणाचा फोन होता?"

"सांगता येत नाही, हन्ना."

"चोराचा की खुन्याचा?"

"सांगता येत नाही."

"बरं, सापडलं का काही?"

तिने माझ्या ताटातला भोपळा उचलला, मला आवडतो तोच मऊ तुकडा, आणि खाऊन टाकला. लल्ला मन्नाना भिंतीपलीकडून कान देऊन बसल्या होत्या. या वेळी त्यांना साक्षीदार म्हणून मोजलं असतं, तरी सांगायला त्यांच्याकडे काही नसतं.